गाडी उशिरा सुरू होते तेव्हा : इंधनदाब आणि कारणशोध

आपल्या वसतिगृहातून बाहेर पडलेल्यांपैकी अनेकांचे पोट चाकांवर चालते. कोणी टुरिस्ट गाडी चालवतो, कोणी शाळेची व्हॅन, कोणी साहेबांची गाडी. काहींनी कर्ज काढून स्वतःची गाडी घेतली आहे आणि गाडी चालो वा न चालो, हप्ता ठरलेल्या तारखेला जातोच. संपादक मंडळाने या स्मरणिकेसाठी माझ्या व्यवसायातील एखाद्या विषयावर अभ्यासलेख मागितला, तेव्हा अशा माणसांचे पैसे सर्वांत जास्त कोठे वाया जातात याचा मी विचार केला. उत्तर लगेच मिळाले. गाडी सुरू व्हायला वेळ घेते, सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते आणि मग एकामागून एक भाग बदलले जातात. दुखणे मात्र तसेच राहते. ज्यांची स्वतःची गाडी नाही, त्यांनीही हा लेख वाचावा. कारण मूळ प्रश्न कारण शोधण्याच्या पद्धतीचा आहे.

प्रथम इंधनाचा मार्ग समजून घेऊ. 2000 सालच्या आसपास आपल्याकडील पेट्रोल गाड्यांतून कार्ब्युरेटर हळूहळू नाहीसा झाला आणि इंजेक्शन पद्धत आली. या पद्धतीत पंप टाकीच्या आतच, पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. तो विजेवर चालतो आणि पेट्रोल फिल्टरमधून इंजिनावरील एका नळीत पाठवतो. या नळीला रेल म्हणतात. रेलला प्रत्येक सिलिंडरसाठी एक असे इंजेक्टर जोडलेले असतात. इंजेक्टर किती क्षण उघडा ठेवायचा, हे संगणक ठरवतो. परंतु त्या क्षणात नेमके किती पेट्रोल पडेल, हे रेलमधील दाबावर अवलंबून असते. साध्या पेट्रोल इंजेक्शनच्या गाड्यांत हा दाब साधारणतः 3 ते 4 बार, म्हणजे सुमारे 43 ते 58 पीएसआय असतो. तो ठरलेल्या पातळीवर ठेवण्याचे काम रेग्युलेटर करतो. काही गाड्यांत रेग्युलेटर रेलवर असतो आणि जास्तीचे पेट्रोल परतीच्या नळीने टाकीत जाते. बऱ्याच नव्या गाड्यांत तो पंपासोबत टाकीतच बसवलेला असतो, त्यामुळे परतीची नळीच नसते. आपल्या गाडीत कोणती रचना आहे, हे आधी पाहावे. पुढच्या सर्व चाचण्या त्यावर अवलंबून आहेत.

आता महत्त्वाची गोष्ट. इंजिन बंद केल्यावरही रेलमधील दाब लगेच संपता कामा नये. पंपात एकमार्गी झडप असते. ती पेट्रोलला मागे जाऊ देत नाही. रेग्युलेटर आणि इंजेक्टर घट्ट मिटलेले असतात. त्यामुळे रेलमध्ये दाब टिकून राहतो आणि पुढच्या वेळी पहिल्या दोन फेऱ्यांतच इंजिन पेटते. हा टिकलेला दाब आणखी एक काम करतो. पेट्रोलचे हलके घटक साध्या हवेच्या दाबाखाली 35 ते 40 अंशांवरच वाफ होऊ लागतात. विदर्भातल्या मे महिन्यात बंद केलेल्या इंजिनाच्या बॉनेटखाली किती तापमान असते, ते हात लावून पाहणाऱ्यास सांगायला नको. दाब असेल तर पेट्रोल द्रवरूपात राहते. दाब गेला की रेलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि इंजेक्टर उघडला तरी पुरेसे पेट्रोल येत नाही.

येथपर्यंतचे ज्ञान मला होते. तरीही मी चुकलो, आणि ती चूक येथे सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते.

वसतिगृहात माझ्यापेक्षा तीन वर्षे मागे असलेला एक मित्र नागपूर-रामटेक रस्त्यावर टुरिस्ट गाडी चालवीत असे. गाडी जुनी, पेट्रोलची, रेलवर रेग्युलेटर असलेली. तो एके दिवशी गॅरेजमध्ये आला आणि म्हणाला, “दादा, सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होते. पण प्रवासी चहाला उतरले, वीस मिनिटे थांबलो, की मग बसा सेल्फ मारत. कालचे प्रवासी वैतागून दुसऱ्या गाडीने गेले.” मी टाकीजवळ कान नेला. पंपाचा आवाज थोडा जास्त येत होता. गरम असताना त्रास, थंड असताना नाही. म्हणजे दाब उतरतो. म्हणजे पंपाची झडप गेली, असे मी मनातल्या मनात जुळवले आणि पंप बदलायला सांगितले. मजुरीसह सात हजारांच्या आसपास खर्च आला. त्याने अर्धे पैसे तेव्हा दिले, अर्धे पुढच्या महिन्यात.

आठ दिवसांनी तो परत आला. तक्रार तीच. तो रागावला असता तर बरे झाले असते, पण तो एवढेच म्हणाला, “तुम्ही सांगितले म्हणून केले, दादा.” वसतिगृहात आम्हांला कालाम सुत्त शिकवले होते. केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी सांगितले होते की, एखादी गोष्ट परंपरेने आली आहे, ऐकीव आहे किंवा सांगणारा माणूस मान्यवर आहे, एवढ्यावर ती स्वीकारू नये. माझ्या मित्राने माझे ऐकले, कारण मी त्याचा दादा होतो. आणि मी माझ्याच अनुभवाचे ऐकले. मोजून कोणीच पाहिले नव्हते.

त्या दिवशी मी दुसऱ्या गॅरेजमधून इंधनदाबाचा गेज मागून आणला. चावी लावताच काटा 3 बारवर गेला. इंजिन चालू असताना तो अडीचवर स्थिरावला. येथपर्यंत सर्व बरोबर होते. रेग्युलेटरला इनटेक मॅनिफोल्डमधून व्हॅक्यूमची नळी जोडलेली असते, म्हणून इंजिन संथ चालू असताना दाब सुमारे अर्ध्या बारने कमी दिसणे योग्यच आहे. मग इंजिन बंद केले आणि घड्याळ लावले. तीन मिनिटांत काटा एक बारच्या खाली आला. दाब कोठून तरी पळत होता. पुन्हा दाब तयार करून पंपाकडून येणारी रबरी नळी विशेष चिमट्याने दाबून बंद केली. काटा तरीही उतरला. म्हणजे पेट्रोल मागे पंपाकडे जात नव्हते. नव्या पंपाचा आणि, मान्य करायला हवे, बहुधा जुन्या पंपाचाही काही दोष नव्हता. परतीची नळी दाबली. काटा तसाच उतरला. आता दोनच वाटा उरल्या. एक तर एखादा इंजेक्टर ठिबकत होता, किंवा रेग्युलेटरच्या आतला पडदा फाटून पेट्रोल व्हॅक्यूमच्या नळीतून थेट इंजिनात जात होते. मी ती नळी उपटली. ती आतून पेट्रोलने ओली होती.

सारी लक्षणे एका क्षणात जुळली. गाडी उभी राहिली की पेट्रोल मॅनिफोल्डमध्ये झिरपत असे आणि गरम इंजिनात त्याची वाफ साठत असे. वीस मिनिटांनी सेल्फ मारला की हवेपेक्षा पेट्रोलच जास्त, त्यामुळे ते पेटत नसे. रात्रभर उभ्या गाडीतील वाफ मात्र निघून जाई; शिवाय थंड इंजिनाला मिश्रण दाटच लागते, म्हणून सकाळी ती लगेच सुरू होई. मायलेज कमी झाल्याचे त्याच्या लक्षात आले होते, पण त्याने तो दोष एसीला दिला होता. इंजिनऑइलची दांडी काढून वास घेतला तर त्यातही पेट्रोलचा वास होता. रेग्युलेटर बदलला, ऑइल बदलले. रेग्युलेटरची किंमत पंपाच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी होती. पंपाची मजुरी मी त्याला परत केली. पंपाचे पैसे परत करता आले नाहीत. विजेवर चालणारा सुटा भाग एकदा बसवला की दुकानदार तो परत घेत नाही.

यात सर्वांत बोचणारी गोष्ट अशी की गेज नसतानाही हा फरक मला कळू शकला असता. त्यासाठी दोन साध्या कृती पुरतात आणि त्या कोणताही चालक स्वतः करू शकतो. बहुतेक गाड्यांत चावी ‘ऑन’ केली की पंप सुमारे दोन सेकंद चालतो आणि इंजिन फिरले नाही तर थांबतो. गाडी सुरू होत नसेल तेव्हा सेल्फ न मारता चावी ऑन करावी, तीन सेकंद थांबावे, बंद करावी. असे तीनदा करून मग सेल्फ मारावा. गाडी चटकन सुरू झाली, तर रेल रिकामी झाली होती आणि तीन वेळा पंप चालल्याने ती भरली, असे समजावे. दाब मागे टाकीकडे उतरतो आहे. पंपाची झडप किंवा टाकीतील रेग्युलेटर संशयित. या कृतीचा काही उपयोग झाला नाही, तर पुढच्या वेळी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारावा. पुष्कळ गाड्यांचा संगणक अशा वेळी इंजेक्टर बंद ठेवतो आणि इंजिनात नुसती हवा जाते. गाडी अडखळत, काळा धूर सोडत सुरू झाली तर आत पेट्रोल जास्त झाले होते. ठिबकणारा इंजेक्टर किंवा फाटलेला रेग्युलेटर पाहावा. माझ्या मित्राची गाडी दुसऱ्या प्रकारची होती. मी त्याला एवढेच विचारले असते की ‘ॲक्सिलरेटर दाबल्यावर सुरू होते का?’, तर त्याने ‘हो’ म्हटले असते. तो रोज तेच करत होता.

म्हणून माझा आग्रह असा की, प्रथम ‘केव्हा’ हे विचारावे. सकाळी थंड असताना की गरम असताना? किती वेळ उभी राहिल्यावर? पेट्रोलचा वास येतो का? सेल्फ जोरात फिरतो की मंद? शेवटचा प्रश्न फार साधा आहे आणि म्हणूनच वगळला जातो. पूर्ण भारित बॅटरी शांत असताना सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना ती 9.6 च्या खाली जात असेल तर आधी बॅटरी, तिची टोके आणि अर्थिंग पाहावे. इंजिन मंद फिरत असेल आणि संगणकाला वीज कमी पडत असेल, तर इंधनदाबाची चर्चा व्यर्थ आहे.

सकाळी थंड असतानाच त्रास होत असेल तर माझा पहिला संशय दाबापेक्षा कूलंटच्या तापमान सेन्सरवर जातो. थंड इंजिनाला जास्त पेट्रोल लागते आणि ते किती, हे संगणक या सेन्सरवरून ठरवतो. बऱ्याच गाड्यांत त्याचा रोध 20 अंशांना 2 ते 3 किलोओहम आणि 80 अंशांना सुमारे 300 ओहम असतो. पण मीटर लावण्यापूर्वी एक सोपी युक्ती आहे. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी स्कॅनर लावावा. कूलंटचे तापमान आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान जवळजवळ सारखे दिसले पाहिजे. बाहेर 18 अंश असताना संगणकाला इंजिन 70 अंश वाटत असेल, तर तो पेट्रोल कमीच देणार.

गरम असताना आणखी एक फसवा दोष आढळतो. क्रँकशाफ्टचा सेन्सर तापला की काही वेळा संकेत देणे थांबवतो. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा मुळीच हलत नसेल तर हा संशय धरावा. इंजिन फिरते आहे हेच संगणकाला कळत नाही, म्हणून तो पंपाला आणि इंजेक्टरला थांबवून ठेवतो. मग मिस्त्री टाकीजवळ कान लावतो, पंप गप्प असतो, आणि निष्कर्ष निघतो : पंप गेला! गप्प पंप म्हणजे मेलेला पंप नव्हे. फ्यूज, रिले आणि जोडणी तपासावी. पंप चालू असताना बॅटरीपासून पंपापर्यंत अर्ध्या व्होल्टहून अधिक घट होत असेल, तर जळालेला रिले, काळी पडलेली पिन किंवा गंजलेले अर्थिंग शोधावे. कमी विजेवर नवा पंपही कमीच दाब देईल.

सुरू व्हायला ठीक, पण घाट चढताना दम सोडते, अशी गाडी वेगळ्या गटातली. तेथे दाब उभ्या गाडीत मोजून काही कळत नाही. भार पडल्यावर मोजावा लागतो. तुंबलेला फिल्टर थोडे पेट्रोल जाऊ देतो, जास्त जाऊ देत नाही. योग्य आकडा प्रत्येक गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेत दिलेला असतो. तो पाहिल्याशिवाय ‘दाब बरोबर आहे’ असे म्हणू नये.

आपल्याकडील चालकांसाठी दोन गोष्टी विशेष. पहिली सीएनजीची. पुष्कळ टुरिस्ट गाड्या सीएनजीवर चालतात, पण सुरू मात्र पेट्रोलवर होतात. पेट्रोल महाग म्हणून टाकीत दोन लिटरच ठेवायचे, अशी सवय पडली आहे. टाकीतला पंप त्याच पेट्रोलने थंड राहतो. काही गाड्यांत, विशेषतः बाहेरून किट बसवलेल्यांत, सीएनजीवर चालतानाही पंप फिरत राहतो. मग तो गरम होतो आणि अकाली झिजतो. शिवाय महिनोन्‌महिने तेच पेट्रोल राहिल्याने त्याचे हलके घटक उडून जातात आणि न वापरलेल्या इंजेक्टरांत चिकट थर जमतो. पाव टाकी पेट्रोल ठेवावे आणि रोज काही किलोमीटर गाडी पेट्रोलवर चालवावी. वाचवलेल्या पेट्रोलपेक्षा पंप कितीतरी महाग पडतो. दुसरी गोष्ट इथेनॉलची. 2023 पासून आपल्याकडे 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येऊ लागले. इथेनॉल पाणी ओढून घेते. पावसाळ्यात गाडी दीर्घकाळ उभी राहिली आणि टाकीत पाणी शिरले, तर इथेनॉल-पाण्याचा थर पेट्रोलपासून वेगळा होऊन तळाशी बसतो. पंप नेमके तेथूनच ओढतो. त्या इंधनासाठी न बनवलेल्या जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या आणि सीलही त्याने खराब होतात. जुनी गाडी असेल तर वर्षातून एकदा नळ्या वाकवून, तडे गेले आहेत का, ते पाहून घ्यावे.

हे काम शिकणाऱ्या मुलांना काही गोष्टी कठोरपणे सांगितल्या पाहिजेत. दाबाखालची पेट्रोलची नळी उघडण्यापूर्वी पंपाचा फ्यूज काढावा, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे, आणखी दोन सेकंद सेल्फ मारावा, मग बॅटरीची ऋण तार सोडवावी. तरीही सांध्यावर कापड धरूनच नळी सैल करावी. गेज जोडल्यावर पुन्हा वीज देण्यापूर्वी प्रत्येक सांधा पाहावा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती गॅरेजच्या खड्ड्यात साचते. जवळ विडी नको, चहाचा स्टोव्ह नको, उघडा बल्ब नको. काम मोकळ्या हवेत, अग्निशामक हाताशी ठेवून करावे.

आणि डिझेल. जुन्या डिझेल गाड्यांत इंजेक्टरच्या नळीची नट सैल करून हवा काढण्याची रीत होती. आम्हीही तेच शिकलो. आजच्या कॉमन रेल डिझेलमध्ये दाब 1600 बार किंवा त्याहून अधिक असतो. चालू इंजिनावर ती नट सैल करणे किंवा गळती बोटाने चाचपणे म्हणजे हात गमावण्याची तयारी. डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसते, सुरुवातीला फारसे दुखतही नाही, म्हणून मुलगा हात पुसून कामाला लागतो. अशा वेळी वाट न पाहता त्याला शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे आणि डॉक्टरांना ‘दाबाखालचे डिझेल आत गेले आहे’ असे स्पष्ट सांगावे.

माझ्या गॅरेजमध्ये आता स्वतःचा गेज आहे. त्याची किंमत एका पंपापेक्षा कमी पडली. पंप किंवा रेग्युलेटर बदलण्यापूर्वी तीन आकडे बिलाच्या मागे लिहायचे, असा नियम मी केला आहे : चावी लावल्यावरचा दाब, इंजिन चालू असतानाचा दाब आणि बंद केल्यानंतर दहा मिनिटांनी उरलेला दाब. तुमची गाडी कोणत्याही गॅरेजमध्ये असो, हे तीन आकडे मागून घ्या. मागायला संकोच वाटत असेल, तर निदान गाडी केव्हा आणि किती वेळ उभी राहिल्यावर सुरू होत नाही, हे आठवडाभर एका कागदावर टिपून तो कागद मिस्त्रीच्या हातात द्या. माझा तो मित्र अजूनही गाडी चालवतो. गाडी दुसरी आहे, आणि ती गॅरेजमध्ये आणताना त्याच्या खिशात असा कागद असतो.